आधी मेंढीला

घोळीच्या भाजीला लसणाची फोडणी बसली होती, गरम भाकरी ताटात पडली होती, ज्ञानूनं घासही मोडला होता. पण तो घास तोंडाकडे जाईना.

"मेंढीला टाकली का?" त्यानं विचारलं.

"टाकते की. तुम्ही खा तवर," बानूबाई चुलीपुढून करवादली.

"आधी टाक."

कळप विकून निमोण्यात घर बांधलं, कांदा लावला, तरी म्हाताऱ्याची ही खोड काही जात नव्हती. मेंढरं घेऊन मुलूख फिरायचे तेव्हा परक्या रानातला पाला आधी मेंढरांपुढं टाकायचा, त्यांनी तोंड लावलं तरच तो आपल्या हंडीत घालायचा. त्या एका खोडीपायीच जणू त्यानं ही म्हातारी मेंढी मागं ठेवली होती. सून धनश्री हसायची. हल्ली बानूबाईही हसायची.

तसे हे हसायचे दिवस नव्हते. ज्ञानूला हृदयाचा झटका येऊन गेला होता. रक्तातली चरबी उतरलीच पाहिजे, गोळी चुकवायची नाही, तेल-तूप कमी आणि पालेभाजी भरपूर, असं शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बानूबाईनं भीत भीत घोळीचं नाव काढलं, तर "चांगलीच आहे ती, खुशाल द्या," म्हणाले. जन्मभर जे तण तिनं कांद्यातून उपटून फेकलं, तेच आता ती बांधावरून ओटी भरून आणत होती. गोळी डॉक्टरची, भाजी तिची. आपल्या हातचंही काहीतरी नवऱ्याला जगवतंय, एवढ्या आधारावर तिला झोप लागायची.

निवडून उरलेल्या काड्या घेऊन ती अंगणात गेली आणि मेंढीपुढं टाकल्या. मेंढीनं हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि दोरी ताणेपर्यंत मागं सरकली.

बानूबाई खाली वाकली. तिनं एक काडी उचलून उन्हात धरली. पानांच्या कडा वळल्या होत्या.

"ताट सारा!" ती ओरडली. "खाऊ नगा!"

रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला मुलगा रविराज झोपेतून धडपडत बाहेर आला.

"बांधाला काय मारलंस रं?" बानूबाईनं विचारलं.

"तणनाशक. काल ड्युटीला जायच्या आधी."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"त्यात काय सांगायचं? आबांनी वाकून खुरपत बसू नये म्हणून तर..." तेवढ्यात त्याचं लक्ष ताटाकडे गेलं आणि त्यानं झेप घेऊन ते उचललं.

पोराला रागवावं की जवळ घ्यावं, बानूबाईला कळेना. रविराजनं भाजी उकिरड्यापलीकडे खड्डा करून पुरली. ज्ञानूनं हात धुतले आणि तो मेंढीशेजारी जाऊन बसला. कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

तिथं बसल्यावर त्याला दिसलं. रोज टाकलेल्या काड्यांतली एखादी, दोरी पुरत नव्हती तिथं पडून रुजली होती. लाल देठ, जाड हिरवीगार पानं. सगळी मिळून मूठभरही नसेल.

"अवं, ही चांगली हाय! हितं कुणी काय मारलं न्हाई." बानूबाई खुडायला वाकली. "तुमच्या एका घासापुरती तरी हुईल."

ज्ञानूनं तिचा हात धरला. मग खुंटीपाशी जाऊन दोरीचा एक वेढा सोडला.

"आधी तिला," तो म्हणाला.

मेंढी पुढं आली. हुंगून खाऊ लागली. शेवटचं पान संपेपर्यंत बानूबाईनं तिला हाकललं नाही.