गुरूचा चौथा चंद्र

सगळ्या मुली तंबूत शिरल्या. एकटी मयुरी बाहेर राहिली.

ती व्हरांड्यात आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसली होती. आठवीतली मुलगी. खालचा ओठ फुटलेला. मोनालीने तिला हाताने खुणावलं, तरी ती उठली नाही. मोनाली वर्ध्याहून गावोगावच्या शाळांत फिरतं तारांगण घेऊन जायची. हवा भरली की उभा राहणारा काळा तंबू, आत भरदुपारी अंधार, आणि छतावर यंत्रातून पडणारं आकाश. आर्वीपुढच्या या निवासी शाळेत ती पहिल्यांदाच आली होती.

"तिले राहू द्या," शोभाबाई म्हणाल्या. मुलींच्या वसतिगृहाचं सगळं त्याच पाहायच्या, जेवणापासून दुखण्याखुपण्यापर्यंत. "तिचा बाप येऊन राह्यला गिरडवरून. घरी धाडतो तिले."

"का, काय झालं?"

"खोटं बोलते. मोठ्या माणसावर आळ घेते." शोभाबाई जरा थांबल्या. "अधीक्षक सरांवर."

मयुरीने मान वर केली नाही. मोनालीला आणखी विचारायचं होतं, पण अधीक्षक सर स्वतःच ऑफिसातून बाहेर आले आणि हसून म्हणाले, "चालू करा मॅडम, पोरी ताटकळल्या." मोनाली आत गेली. तिच्यामागून शोभाबाईही आल्या आणि तंबूच्या तोंडाशी मांडी घालून बसल्या.

अंधार झाला. तारे उमटले. मुलींनी टाळ्या पिटल्या. मोनालीने आधी सप्तर्षी दाखवले. ग्रीक लोकांना याच ताऱ्यांत अस्वल दिसायचं, असं म्हणून तिने गोष्टीला सुरुवात केली.

"झ्यूस हा त्यांच्या देवांचा राजा. रोमन लोक त्यालाच ज्युपिटर म्हणायचे. आपण ज्याला गुरू म्हणतो त्या ग्रहाचं इंग्रजी नाव तिथूनच आलं. तर कॅलिस्टो नावाची एक मुलगी होती. रानात शिकार करत हिंडायची. तिच्यावर झ्यूसचं प्रेम बसलं."

"तिचं बसलं होतं काय?"

आवाज मुलीचा नव्हता. शोभाबाईंचा होता.

मोनाली अडखळली. ती ही गोष्ट नेहमी अशीच सांगायची आणि आजवर कुणी असं विचारलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "शिकारीच्या ज्या देवीवर तिचा पक्का विश्वास होता, तिचंच रूप घेऊन तो आला. तिला कळलं तोवर उशीर झाला होता. तिने झटापट केली, पण तिची ताकद पुरली नाही."



"मंग?" शोभाबाईंनीच विचारलं.

"मग ते झ्यूसच्या बायकोला कळलं. हेरा तिचं नाव. तिने कॅलिस्टोला केस धरून जमिनीवर लोळवलं आणि तिचं अस्वल करून टाकलं. कॅलिस्टो हात जोडायला गेली, तर हातांना नख्या फुटल्या. बोलायला गेली, तर नुसती गुरगुर बाहेर आली. आपल्यावर काय ओढवलं ते तिला कुणालाच सांगता येईना."

"अन् नवऱ्याले? त्याले काय केलं तिनं?"

"काही नाही."

"काऊन?"

मोनालीने अंधारात आवाजाच्या दिशेने पाहिलं. काही दिसलं नाही.

"तो राजा होता. त्याच्यापुढे तिचं काही चालत नव्हतं," ती म्हणाली. "पोरीपुढे चालत होतं."

मोनालीने घाईने पुढचं चित्र लावलं. पट्ट्यापट्ट्यांचा प्रचंड गुरू, आणि त्याच्या भोवतीचे चार मोठे चंद्र. सगळ्यात बाहेरच्या चंद्रावर तिने प्रकाशाचा ठिपका नेला. "हा चौथा. याचं नाव कॅलिस्टो," एवढंच तिने सांगितलं. तिने दिवा लावला, तेव्हा तंबूच्या तोंडाशी शोभाबाई नव्हत्या.

मोनाली बाहेर आली. मयुरीचे वडील रूपराव व्हरांड्याखाली उन्हात उभे होते. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. पायरीवर उभे राहून अधीक्षक सर त्यांना समजावत होते.

"बोभाटा करू नका. पोरीचीच बदनामी होते. शांतपणे घेऊन जा, अन् एखादं स्थळ पाहून टाका."

"पोरगी खोटं नाई बोलली, भाऊ."

सर वळले. मागे शोभाबाई उभ्या होत्या. त्यांचा हात मयुरीच्या खांद्यावर होता आणि मयुरी त्या हाताखाली आक्रसून गेली होती.

"सरांनी तिले ऑफिसात बोलावलं अन् दार लावून घेतलं," शोभाबाई म्हणाल्या. "ती वरडली. मी दाराबाहेरच होती. तिचं सारं आयकू आलं मले. ती रडत बाहेर आली, तं मी तिलेच मारलं. तो ओठ मी फोडला तिचा."

"आत जा," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तंबूतून बाहेर पडणाऱ्या मुली तो ऐकून जागीच थबकल्या.

शोभाबाई आत गेल्या नाहीत. "चला ठाण्यात," त्या रूपरावांना म्हणाल्या. "मी सांगतो सारं. लिहून देतो."

रूपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विश्वास नव्हता.

"बाई, आज तुमी बोलता, अन् उद्या फिरून जासान," ते म्हणाले. "सरांच्या हाताखालची नोकरी तुमची. ते काय सोडणार हा तुमी?"

शोभाबाईंनी खाली वाकून मयुरीची पेटी उचलली.

"नोकरी नाई, भाऊ. मी बायको होय त्याची."