अठरा दिवसांचा विचार

"कुमारी शाल्मली घोरपडे यांनी साधकबाधक विचारांती व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा प्रस्ताव नाकारला असून त्या यंदाही महाविद्यालयाकडूनच खेळतील," असे सूचनाफलकाचे म्हणणे होते.

विचार अलौकिकच म्हणायचा. कारण प्रस्तावाचे पत्र शाल्मलीच्या हाती आज पडले, तेही सफाईच्या मावशींनी क्रीडाविभागाचे कपाट झाडले म्हणून. पाकिटावरचा आवक शिक्का अठरा दिवसांपूर्वीचा होता. उत्तराची मुदत काल सरली होती.

तिने पाकीट क्रीडाशिक्षकांपुढे ठेवले.

"अगं, पदवी घे, करंडक जिंकून दे, मग जा की!"

"जायचं की राहायचं, हे मी ठरवायचं होतं, सर. मी जातेय. त्या संघाला आत्ताच फोन केला; थांबतो म्हणाले, फक्त उशिराचं लेखी कारण हवंय. लिहा."

सरांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिले: "विलंब खेळाडूचा नाही. पत्र मी अठरा दिवस कपाटात दडवले, कारण तिच्याशिवाय आम्ही हरतो."