भाड्याचा पुतळा

परत निघालेली तपासणी समितीची गाडी इंदिरानगरच्या चौकात वळते न वळते तोच नर्सिंग कॉलेजच्या दारात टेम्पो उलटा येऊन लागला. पाहुणे गेले की सतरंज्या गुंडाळायच्या, तसं काम. सरावाचे पुतळे, खाटा, सलाइनचे स्टँड, सगळं सकाळी भाड्याने आणलेलं. दर वर्षीची रीतच होती ती. पोरी वर्षभराची लॅब फी भरायच्या आणि लॅब यायची एका दिवसासाठी.

शेवटचा पुतळा मात्र जागचा हलेना. हरसूलची वैष्णवी फरशीवर बसून त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून होती. शेवटच्या वर्षाच्या बाकीच्या मुली तिच्याभोवती उभ्या.

"ऊठ गं, टेम्पोवाला खोळंबलाय," प्राचार्य देवरे म्हणाले.

"नाय उठणार, सर. आधी शिकवा."

"काय शिकवा?"

"माणसाचं हृदय बंद पडलं तर काय करायचं ते. आजवर फळ्यावरच बघितलंय आम्ही."

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस!"

नापास झाली तर आणखी एका वर्षाची फी घरचे आणणार कुठून? तरी वैष्णवीने हात काढले नाहीत.

"असू द्या तुमच्या हातात. सोमवारपासून दवाखान्यात ड्यूटी हाय आमची. तिथं पेशंट आमच्या हातात असणार."

देवरे कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुवर्णा मॅडमवर उखडले, "तुम्ही तरी समजवा! टीचर आहात ना यांच्या?"

"सकाळपासूनच आहे," मॅडम म्हणाल्या. "समितीला दाखवायला तुम्हीच आणलंत मला, दुसऱ्या कॉलेजातून."

त्यांनी पर्स खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि पुतळ्याशेजारी गुडघे टेकले.

"तळहात इथे. कोपर वाकवायचं नाही. हं, दाब! अजून जोरात. आणि मोजायचं मोठ्याने, सगळ्यांनी."

देवरे तणतणत जिना उतरले. खाली टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. वर मुली मोजत राहिल्या, हॉर्नपेक्षा मोठ्याने.