चौथ्या अंकातली शिडी

माझ्या पेटीतलं सगळ्यात लाडकं कॉमिक कुणा दोन मित्रांनी पदरमोड करून छापलेलं आणि चौथ्याच अंकात बंद पडलेलं. शेवटच्या पानावर तीन डोळ्यांची अंतराळराणी एका हाताने चंद्राच्या कड्याला लटकलेली, आणि खाली 'क्रमशः'. दर रविवारी हातमोजे घालून मी ते पान बघायचो आणि हळहळायचो.

एकदा बायकोने सरळ बॉलपेन घेतलं आणि राणीच्या पायाखाली शिडी काढली.

"अगं, वाट लावलीस! जगात एकच प्रत उरली होती!" मी आठवडाभर अबोला धरला.

पुढच्या रविवारी बघतो तर पानावर नुसता कडा आणि शिडी. मी ओरडतच आतल्या खोलीकडे धावलो. बायको दारातच आडवी आली.

"अहो, हळू! एकतीस वर्षं लटकत होती बिचारी. आत्ता कुठे तिसरा डोळा मिटलाय."