कडी लावलेली खोली

रोज चार वाजले की मुकुंदराव मागच्या खोलीत शिरून आतून कडी लावत, आणि शैलजाताईंच्या मनात पाल चुकचुके. या वयात हे कुणाशी चॅटिंग करत असतील? आज त्यांनी दार ठोठावलंच.

आत जुना डॉसवाला कॉम्प्युटर घरघरत होता. काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं.

"याला तर इंटरनेटही नाही! मग कडी कशाला?"

मुकुंदरावांनी मान खाली घातली. "स्वतःची परीक्षा घेतोय. क्लासमध्ये वीस वर्षं याच कमांड शिकवल्या, झोपेतही आठवायच्या. आता रोज एखादी गळते. आज फाइल कशी उघडायची, तेच आठवेना."

शैलजाताईंनी खुर्ची जवळ ओढली.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता मला शिकवा. तुम्ही विसरलात, की मी सांगेन."