पिवळा कप

पार्सल ‘वितरणासाठी बाहेर पडले आहे’ असं फोनवर उमटलं, आणि धाकटीने आईच्या खाटेशेजारी स्टूल ओढलं.

“आई, मी कोण?”

“धाकटी.” आईने कूस बदलली. “सकाळपासून सतरांदा विचारलंस. डोकंबिकं फिरलंय का तुझं?”

“नाही गं. असंच.”

कप चार होते. ज्याने त्याने आपल्याच कपातून चहा प्यायचा, ही आईची शिस्त. बाबांचा निळा, मावशीचा हिरवा, दादाचा तांबडा, धाकटीचा पिवळा. आई स्वतः हाताला येईल त्या पेल्यातून प्यायची. तिची खाट या खोलीत आली, औषधांना कपांची फळी हवी झाली, म्हणून धाकटीने कप ऑनलाइन लिलावात लावले. सुटे लावले, कारण सुट्यालाच गिऱ्हाईक होतं. चार गावच्या चार माणसांनी ते घेतले. चारही पार्सलं एकाच सकाळी गेली. जवळचं आधी पोचणार, लांबचं मागाहून.

निळा फुटला. घेणाऱ्याने तुकडे पांढऱ्या कागदावर मांडून फोटो धाडला. नुकसानीची तक्रार करायची तर असाच फोटो लागतो. त्याच दुपारी आई भिंतीवरच्या बाबांकडे बोट दाखवून म्हणाली, “हे गृहस्थ कोण गं? चेहऱ्याने सज्जन वाटतात.” धाकटी तेव्हा हसली होती.

हिरवा फुटला त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. आईने दोन वाक्यं ऐकली, “राँग नंबर” म्हणाली आणि ठेवून दिला. धाकटी हसली नाही. पण उरलेले दोन केव्हाच वाटेला लागले होते.

काल दादा आला. दारात उभ्या असलेल्या दादाला आई म्हणाली, “मीटर बाहेर आहे, जिन्याखाली.” तो चपला काढतच होता, तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. पांढऱ्या कागदावर तांबडे तुकडे, नीट ओळीत लावलेले.

आता दादाच फोनवर होता.

“तू पार्सलं बांधतेस का खुळखुळे?”

“एकेक कागदात गुंडाळला होता रे. पोटात बोळे कोंबले. खोकं हलवून कानाशी धरलं. एकही वाजलं नव्हतं.”

“बरं, बरं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे असं होत जाणार. कपाचा काय संबंध?” मग त्यानेच विचारलं, “पिवळ्याचं काही कळलं?”

“नाही.”

तिने कुरिअरच्या कचेरीत फोन लावला. पार्सल परत बोलवा, म्हणाली. तिकडचा माणूस जेवता जेवता बोलत होता. “मॅडम, गाडी निघाली. आता माघारी नाही येत. वर ‘नाजूक’ लिहिलंय ना?”

“चारही बाजूंनी.”

“मग घाबरताय कशाला?”

तिने फोन मांडीवर ठेवला आणि आईचा हात हातात घेतला. हात हलका होता, धुतलेल्या रुमालासारखा. खिडकीतलं ऊन खाटेच्या पायावरून उशीपर्यंत चढलं. खाली कुणी फाटक उघडलं, लावलं. चार वाजून दहा मिनिटांनी फोनवर अक्षरं बदलली: ‘वितरित’.

“आई, मी...”

“धाकटी, धाकटी, धाकटी. झालं समाधान?”

धाकटीने डोळे मिटले. आपला एकेक श्वास ती मोजत राहिली. मग फोन थरथरला.

फोटोत पांढरा कागद नव्हता. खिडकीची कड होती, तिच्यावर ऊन होतं आणि उन्हात पिवळा कप होता. सबंध. कुठे टवकाही उडालेला नव्हता. आत चहा होता, वर वाफ. खाली घेणाऱ्या बाईने लिहिलं होतं: ‘ताई, अगदी सुखरूप आला. मी एकटीच असते. चहा ओतला आणि घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं. वेडेपणा आहे, पण कळवावंसं वाटलं.’

धाकटीला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही एकदम. “आई, नाही फुटला. बघ ना, बघ. धड आहे.”

आईने फोन दोन्ही हातांत घेतला, नाकापाशी नेला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेली. कितीतरी दिवसांत ती अशी दिसली नव्हती.

“पोचली,” ती म्हणाली. “बाई गं, पोचली एकदाची.” तिचा अंगठा काचेवरून फिरू लागला, केसांवरून फिरावा तसा. “उन्हात बसलीय बघा कशी. खिडकीही छान मिळाली.”

“कुणाला, आई?”

“माझ्या धाकटीला.”

स्टूल मागे सरकलं. “मी इथे आहे, आई. ही काय, तुझ्यासमोर.” धाकटीचा आवाज चढला.

आईने ओठांवर बोट ठेवलं. ओळख नसलेल्या माणसाशी बोलावं तितक्या अदबीने ती म्हणाली, “जरा हळू बोला हो. लांबून आलीय माझी पोर. आत्ता कुठे टेकलीय.”

आणि फोनवर वाकून तिने हळूच फुंकर घातली, चहा निववायला.