पडद्यावर नजर

१९४९. फक्त यंत्रांच्या काट्यांवर विमान चालवायच्या लायसन्ससाठी शामकांतचं शेवटचं परीक्षेचं उड्डाण, पुणे ते नगर. मागच्या सीटवर त्याच्याभोवती कॅनव्हासचा पडदा. बाहेरचं काही दिसायचं नाही.

पुढे बसलेल्या कॅप्टन राजोपाध्यांना संशय होता. गडी वाटेवरच्याच पारनेरचा, फटीतून एक टेकडी दिसली तरी त्याला पुरे. म्हणून निघाल्यापासून ते मान मागे वळवून पडद्यावरच नजर ठेवून होते. पडदा काही हलला नाही.

शेवटी मान अवघडली. पुढे वळून त्यांनी खाली पाहिलं. उजाड टेकड्या, एकही ओळखीची नाही.

बोलायच्या नळीत त्यांनी दरडावून विचारलं, "सांग, कुठं आहोत आपण?"

"पारनेर मागं पडलं, सर. सहा मिनिटांत नगर. बरोबर ना?"



"बघू," कॅप्टन म्हणाले, "सहा मिनिटांनी."